भूमिपुत्र मंगळ आणि मुळशीचा कातळ

मंगळ हा पृथ्वीचा पुत्र होय, असें आपलीं पुराणें सांगतात. संस्कृतांत त्याचीं जीं अनेक नांवें रूढ आहेत, त्यांपैकीं भौम, भूमिसुत आणि कुज या तिहींचा अर्थ एकच : पृथ्वीच्या पोटीं जन्मलेला. लोहितांग व अंगारक हीं दुसरीं दोन नांवें त्याच्या वर्णावरून पडलीं. निखाऱ्यासारखा लाल तो अंगारक. अशा या भूमिपुत्राविषयीं आपल्या घरांत मोठी विचित्र भावना आढळते. श्रावणांतील मंगळवारीं नव्या सुना मंगळागौर पूजितात. संकष्टी चतुर्थी मंगळवारीं आली तर ती अंगारकी म्हणून अधिक पुण्यप्रद मानली जाते. सौभाग्याचें चिन्ह म्हणून गळ्यांत मंगळसूत्र असतें. आणि त्याच घरांत मुलीच्या पत्रिकेंत मंगळ निघाला, कीं वडील माणसांचे चेहरे उतरतात. नांवानें शुभ आणि फळानें अशुभ ठरलेला हा ग्रह खरोखर आहे तरी कसा, हें मनुष्याला हळूहळू कसें कळत गेलें, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण आपल्या घराशीं त्याचा संबंध असल्यामुळें तो विचार करण्याजोगाही आहे.

प्राचीनांच्या नजरेंत मंगळ भरला, त्याला दोन कारणें झालीं. पहिलें कारण त्याचा रंग. दुसरें कारण त्याची चाल. नक्षत्रांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत असतां सुमारें सव्वीस महिन्यांनीं एकदां हा ग्रह थबकतो, दोन-अडीच महिने उलट चालतो आणि पुन्हां सरळ मार्गास लागतो. यालाच आपण वक्री होणें असें म्हणतों. गंमत अशी, कीं ज्या काळांत तो वक्री असतो, त्याच काळांत तो अत्यंत तेजस्वी दिसतो. लाल, ठळक आणि उलट्या पावलीं चालणारा हा तारा पाहून लोकांना रक्ताची व युद्धाची आठवण झाली असल्यास नवल नाहीं. बाबिलोनच्या लोकांनीं तो नेर्गल या संहारक देवतेस वाहिला, रोमनांनीं त्यास आपल्या युद्धदेवाचें नांव दिलें, आणि आपल्या ज्योतिष्यांनीं त्यास ग्रहांचा सेनापति नेमला.

वस्तुतः मंगळ कधींच मागें फिरत नाहीं. दोन आगगाड्या शेजारच्या रुळांवरून एकाच दिशेनें धांवत असतां जलद गाडींतील उतारूला हळू गाडी मागें जात असल्यासारखी दिसते, तसाच हा प्रकार आहे. पृथ्वी आंतल्या वर्तुळावरून वेगानें पुढें निघून जाते आणि मंगळ मागें पडतो. त्याच वेळीं तो आपल्या सर्वांत जवळ असल्यामुळें तेजस्वीही दिसतो. मात्र या ग्रहाच्या चालीनें ज्योतिर्विदांना पिढ्यानपिढ्या चकविलें हें खरें. जर्मन ज्योतिर्विद योहान केप्लर यानें टायको ब्राहे याच्या वेधांशीं आपलें गणित ताडून पाहिलें, तेव्हां मंगळाच्या स्थानांत आठ कलांचा फरक निघाला. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा अवघा चौथा हिस्सा. दुसऱ्या एखाद्यानें तो सोडून दिला असता. केप्लरनें सोडला नाहीं. ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नसून लंबवर्तुळाकार आहेत, हा सिद्धान्त त्या आठ कलांतून जन्मास आला आणि १६०९ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्याला लोक क्रूर म्हणत, त्या ग्रहानें मनुष्याला आकाशाचें व्याकरण शिकविलें.

ग्रहगणिताची परंपरा महाराष्ट्रासही नवी नाहीं. सह्याद्रीपलीकडे कोंकणांत, जंजिऱ्याजवळील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० त, ग्रहलाघव हा ग्रंथ रचला. किचकट आकडेमोड टाळून ग्रहांचीं स्थानें काढण्याची सोपी रीत त्यांत असल्यामुळें पुढें तीनशें वर्षांहून अधिक काळ पंचांगें त्याच्याच आधारानें होत असत. परंतु कोणत्याही घड्याळाप्रमाणें कोणतेंही कोष्टक काळानें मागेंपुढें होतें. पंचांगांतील ग्रह एका ठिकाणीं आणि आकाशांतील ग्रह दुसऱ्या ठिकाणीं, असें होऊं लागलें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं युरोपांतील नव्या गणिताच्या आधारानें १८६० मध्यें ग्रहसाधनाचीं कोष्टकें सिद्ध केलीं आणि त्यांवरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. शाळामास्तरी करीत असतां शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहून १८९६ मध्यें प्रसिद्ध केला. तर व्यंकटेश बापूजी केतकर यांनीं नव्या वेधांशीं जुळणारे ग्रहगणिताचे ग्रंथ संस्कृतांत रचले. खुद्द पुण्यांत, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारांत, भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून १८८८ मध्यें वेधशाळा उभी राहिली. प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगांववाला यांच्या देखरेखीखालीं तेथें वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसविण्यांत आली. त्या काळीं हिंदुस्थानांत एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. १९१२ मध्यें ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

याप्रमाणें गणित सुधारलें, दुर्बीणही आली. जन्मपत्रिकेंतील फळें मात्र होतीं तशींच राहिलीं. मंगळ आकाशांत नक्की कोठें आहे, हें छत्रे-केतकरांनीं बिनचूक सांगितलें; तो मुळांत आहे काय, हें विचारण्याचें पुष्कळांना सुचलें नाहीं.

ज्या वर्षीं पटवर्धनी पंचांग सुरू झालें, त्याच वर्षीं मंगळानें आपल्या देशांत एक वस्तु धाडली होती. २५ ऑगस्ट १८६५ रोजीं बिहारांतील गया जिल्ह्यांत, शेरघाटी येथें, मोठा आवाज होऊन आकाशांतून सुमारें पांच किलो वजनाचा एक दगड पडला. तो जपून ठेवण्यांत आला. परंतु तो कोठून आला, हें जगाला कळावयास शंभराहून अधिक वर्षें जावीं लागलीं. ती हकीकत पुढें येईल.

दरम्यान युरोप-अमेरिकेंत मंगळासंबंधीं निराळेंच वेड पसरलें. १८७७ मध्यें मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. त्या वर्षीं अमेरिकेंत असाफ हॉल यानें त्याचे दोन लहान चंद्र शोधून काढले, आणि इटलींत मिलानच्या वेधशाळेंतून जोव्हान्नी स्किआपारेल्ली यानें त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा तयार केला. त्या नकाशांत त्यानें ज्या सरळ रेषा काढल्या, त्यांस त्यानें कानाली असें नांव दिलें. इटालियन भाषेंत हा शब्द नैसर्गिक पाटालाही लावतात आणि खणलेल्या कालव्यालाही. इंग्रजींत गेल्यावर त्याचा दुसराच अर्थ पक्का झाला. कालवे आहेत, त्याअर्थीं ते खणणारे कोणी असलेच पाहिजेत ! अमेरिकेंतील धनाढ्य पर्सिव्हल लॉवेल यानें १८९४ मध्यें ॲरिझोनांत खास वेधशाळा बांधली आणि असें प्रतिपादन केलें, कीं मंगळ हें सुकत चाललेलें जग असून तेथील शहाण्या रहिवाशांनीं ध्रुवांवरील बर्फाचें पाणी शेतांस पुरविण्याकरितां हे हजारों मैलांचे कालवे खोदले आहेत.

तो काळ ध्यानांत घेतला म्हणजे या कल्पनेचें मूळ सांपडतें. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाला होता, पनामाचें खोदकाम चाललें होतें. पाणी अडविणें व वळविणें ही त्या युगाची मोठी प्रतिष्ठा होती, आणि मनुष्याला तीच आकाशांत दिसली. जुन्या काळच्या लढाऊ माणसांना मंगळावर तलवार दिसली, तर कालवे खोदणाऱ्यांना तेथें कालवे दिसले. लॉवेल १९१६ मध्यें वारला, आणि त्यानंतर पांच वर्षांनीं पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यांत पाणी अडविण्याचाच एक खरा प्रसंग घडला. टाटा कंपनीनें विजेसाठीं मुळा नदीवर धरण बांधावयास घेतलें होतें; त्याखालीं पन्नासाच्या आसपास गांवांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस सेनापति ही पदवी याच लढ्यानें दिली. लढा १९२४ पर्यंत चालला. परंतु धरण झालें, आणि १९२७ पासून मुळशीचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून कोंकणांत भिऱ्याच्या वीजघराकडे उतरूं लागलें. मंगळावरील कल्पित कालव्यांनीं कोणाचें एक वाफाभर शेतही बुडविलें नाहीं. मुळशीच्या खऱ्या पाण्याखालीं मात्र आंबेमोहोराचीं खाचरें आणि नांदतीं घरें गेलीं. शेतकऱ्याचें बरेंवाईट करणारी सत्ता कोठें असते, याचा हा चांगला धडा होय. ती आकाशांत नव्हती.

मंगळावरचे कालवे पुसले गेले ते १९६५ च्या जुलै महिन्यांत. मॅरिनर ४ या अमेरिकन यानानें जवळून जातां जातां त्याचीं वीस-बावीस छायाचित्रें घेतलीं. त्यांत कालवे नव्हते, शेतें नव्हतीं. आघातानें पडलेलीं विवरें तेवढीं होतीं. १९७१ च्या नोव्हेंबरांत मॅरिनर ९ तेथें पोहोंचलें, तेव्हां सारा ग्रह एका प्रचंड धुळीच्या वादळानें झांकलेला होता. धूळ खालीं बसूं लागली आणि तिच्यांतून जीं पहिलीं स्थळें वर आलीं, तीं अजस्र ज्वालामुखींचीं शिखरें निघालीं. पुढें २० जुलै १९७६ रोजीं व्हायकिंग १ हें यान मंगळाच्या भूमीवर उतरलें. त्यानें तेथील हवा मोजली, मातीची परीक्षा केली, आणि ती माती लोहयुक्त असून बसाल्ट नांवाच्या काळ्या खडकाच्या झिजेपासून झालेली असावी, असें दिसून आलें.

आतां शेरघाटीच्या दगडाची हकीकत. तोही बसाल्टच, पण पृथ्वीवरचा नव्हे. त्याच जातीचा एक दगड अंटार्क्टिकाच्या बर्फांत सांपडला होता. त्यांतील कांचेसारख्या भागांत अडकून राहिलेल्या वायूची १९८३ मध्यें परीक्षा झाली, तेव्हां ती हवा व्हायकिंगनें मंगळावर मोजलेल्या हवेशीं तंतोतंत जुळली. कधीं काळीं मंगळावर एखादा मोठा अशनि आदळला, त्या आघातानें तेथील खडकाचे तुकडे अवकाशांत उडाले, आणि लक्षावधि वर्षें भटकून त्यांतील कांहीं पृथ्वीवर पडले, असा उलगडा झाला. या जातीच्या सर्व पाषाणांस शास्त्रज्ञ आज शेरगोटाइट म्हणतात. बिहारच्या एका गांवाचें नांव याप्रमाणें मंगळाच्या खडकास कायमचें चिकटलें आहे.

हा खडक कसा असतो, हें पाहावयास पुण्याच्या माणसाला फार लांब जाण्याचें कारण नाहीं. पौड सोडून मुळशीच्या धरणावरून ताम्हिणी घाटाकडे निघालें, कीं दोहों बाजूंस जे उभे काळे कडे लागतात, ते सगळे बसाल्टचेच आहेत. घनगडाचा कडा याच कातळाचा, आणि पुण्यांतील जुन्या वाड्यांचीं जोतींही याच कातळाचीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीला भेगा पडून तापलेला शिलारस बाहेर आला, पसरला, थिजला; त्यावर पुन्हां दुसरा पूर आला, मग तिसरा. याप्रमाणें थरावर थर चढून दख्खनचें पठार झालें. आजही तो खडक सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. डोंगराच्या उतारावर हे थर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें दिसतात, म्हणूनच भूगर्भशास्त्रांत त्यास पायरी या अर्थाच्या युरोपीय शब्दावरून ट्रॅप असें नांव पडलें. मंगळावर मरिनेर नांवाची जी महादरी आहे, तिच्या कड्यांवरही असेच थर एकावर एक रचलेले यानांच्या छायाचित्रांत दिसले आहेत.

येथें कोणी विचारील, कीं मुळशीचा कातळ काळा आणि मंगळ लाल. मग दोघे एका जातीचे कसे? याचें उत्तरही घाटांतच आहे. रस्त्यासाठीं तोडलेल्या कड्यांत दोन काळ्या थरांच्या मधें कोठें कोठें विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक पूर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यांत वरचा कातळ कुजून त्यांतील लोखंड गंजलें, त्याची ती खूण होय. मंगळावर हाच प्रकार सबंध ग्रहभर झाला आहे. तेथील बारीक धुळींत लोखंडाचा गंज मिसळलेला असून ती धूळ सर्वत्र पसरली आहे. २०१३ मध्यें क्युरिऑसिटी या फिरत्या यंत्रानें तेथील खडकास लहानसें भोंक पाडलें, तेव्हां आंतून निघालेला भुगा लाल नव्हता, राखेसारखा करडा होता. ज्या लाल रंगाला मनुष्यजात हजारों वर्षें भ्याली, तो रंग वरच्या वर बसलेल्या धुळीचा आहे.

हें साम्य शास्त्रज्ञांनाही उपयोगी पडलें आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवराचें विवर सुमारें अठराशें मीटर व्यासाचें असून तें अशनीच्या आघातानें झालें, हें १९७३ मध्यें सिद्ध झालें. बसाल्ट खडकांत पडलेलीं व इतकीं चांगलीं टिकलेलीं विवरें पृथ्वीवर फारच थोडीं आहेत. म्हणून मंगळावरील विवरें समजून घेऊं इच्छिणारे अभ्यासक लोणारला येतात. मंगळावरील लहान विवरांस पृथ्वीवरील गांवांचीं नांवें देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा प्रघात आहे. त्याप्रमाणें तेथें एका विवराचें नांव लोणार आहे, एकाचें भोर आहे आणि सुमारें वीस किलोमीटर व्यासाच्या एका विवराचें नांव पूना असें आहे. मंगळ पुण्याच्या पत्रिकेंत असेल नसेल. पुणें मात्र मंगळाच्या नकाशांत आहे.

तथापि एका कातळाचीं हीं दोन जगें पुष्कळ बाबतींत भिन्न आहेत. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या निम्म्याच्या आसपास, पण त्यावर समुद्र नसल्यामुळें तेथील जमीन आपल्या सर्व खंडांच्या एकत्रित जमिनीएवढी भरते. तेथला दिवस आपल्याहून अर्धा-पाऊण तास मोठा, आणि आंसाचा कल आपल्यासारखाच असल्यानें तेथें ऋतूही होतात. पण वर्ष ६८७ दिवसांचें असल्यामुळें प्रत्येक ऋतु जवळजवळ दुप्पट लांबतो. ऑलिंपस नांवाचा तेथील ज्वालामुखी सुमारें बावीस किलोमीटर उंच व सहाशें किलोमीटर रुंद आहे; आपलें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटरांचें, म्हणजे अशीं तेरा कळसूबाई एकावर एक ठेवावीं तेव्हां त्याची बरोबरी होईल. मरिनेरची दरी चार हजार किलोमीटर लांब असून कोठें कोठें सात किलोमीटर खोल आहे. फोबोस हा त्याचा जवळचा चंद्र साडेसात तासांच्या आसपास एक प्रदक्षिणा पुरी करतो. त्यामुळें तेथें तो पश्चिमेस उगवून पूर्वेस मावळतो. आणखी नवल असें, कीं आपल्याकडे सूर्यास्त तांबडा होतो, तर त्या तांबड्या जगांत सूर्य मावळतांना त्याच्याभोंवतीं निळसर झांक पसरते. तेथील सूक्ष्म धुळीचा हा परिणाम होय.

परंतु सर्वांत मोठा भेद पाण्याचा आहे. ताम्हिणी घाटांत वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुणें शहराच्या कित्येक पट. ओढे कातळावरून उड्या घेतात, मुळा भरून वाहते, आणि त्याच काळ्या दगडाच्या कुजण्यांतून झालेल्या मातींत भाताचीं रोपें डोलतात. मंगळावरही एके काळीं पाणी वाहत होतें. १८ फेब्रुवारी २०२१ रोजीं पर्सिव्हरन्स हें यंत्र तेथें जेझेरो नांवाच्या विवरांत उतरविण्यांत आलें. जेझेरो या स्लाव्ह शब्दाचा अर्थच सरोवर असा आहे. साडेतीनशें कोटि वर्षांपूर्वींच्या सुमारास एक नदी त्या विवरांत येऊन मिळत असे. तिनें आणलेल्या गाळाचा त्रिभुज प्रदेश आजही जसाच्या तसा आहे. नदी मात्र नाहीं.

ती कोठें गेली ? मंगळ लहान, म्हणून त्याच्या पोटांतील उष्णता लवकर ओसरली. पोटांतील लोखंडाचा रस घुसळण्याचें थांबलें, त्यासरशी त्या ग्रहाभोंवतींचें चुंबकीय कवच नाहींसें झालें. मग सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतानें त्याची हवा हळूहळू उडवून नेली. आज तेथील हवेचा दाब आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे, आणि सरासरी उष्णमान शून्याखालीं साठ अंशांच्या सुमारास आहे. उघड्यावर पाणी ओतलें, तर तें कांहीं उकळून जाईल, कांहीं गोठेल, वाहणार नाहीं. मुळशी आणि मंगळ यांच्या दगडांत फारसें अंतर नाहीं. अंतर आहे तें दगडावरच्या हवेंत व पाण्यांत. आईनें जें राखलें, तें मुलाला राखतां आलें नाहीं, एवढाच या दोघांच्या नशिबांतील फरक. आणि त्याचें कारण क्रोध नव्हे, लहान बांधा हें आहे.

आपल्या देशानेंही या मुलाचा समाचार घेतला आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघालें. त्या दिवशीं वारही मंगळवारच होता. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं तें मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. पहिल्याच खेपेस हें साधलेला दुसरा देश तोंवर झाला नव्हता. सहा महिन्यांसाठीं धाडलेलें तें यान २०२२ पर्यंत काम देत राहिलें. त्याच्या यशाचा आनंद ज्या घरांत झाला, त्यांतील कित्येक घरांत त्याच वर्षीं पत्रिकेंतील मंगळापायीं एखादें स्थळ परतही गेलें असेल. ही विसंगति केवळ हंसण्यावारीं नेण्याजोगी नाहीं. तिची किंमत मोजावी लागते ती मुलींना.

म्हणून त्या दोषाचें गणित एकवार मांडून पाहणें बरें. लग्नीं, चतुर्थांत, सप्तमांत, अष्टमांत किंवा व्ययस्थानीं मंगळ असला म्हणजे पत्रिकेला मंगळ आहे असें म्हणतात. स्थानें बारा, त्यांपैकीं दोषाचीं पांच. मंगळ एका राशींत महिना-दीड महिना तरी राहतो. पण उदयाची रास सरासरी दोन तासांनीं बदलते, आणि अहोरात्रांत बाराही राशी उगवून जातात. म्हणजे कोणताही दिवस घेतला, तरी त्या चोवीस तासांपैकीं सुमारें दहा तास असे असतात, कीं त्यांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पत्रिकेंत मंगळ यावयाचाच. बारा मुलांत पांच ! कांहीं ज्योतिषी द्वितीय स्थानही धरतात. मग तर निम्मे. याखेरीज पटवर्धनी गणिताची परंपरा आणि चित्रा नक्षत्रावरून मोजणारी परंपरा यांच्या राशिचक्रारंभांत सुमारें चार अंशांचें अंतर आहे. त्यामुळें एका पंचांगाप्रमाणें मंगळ असलेली मुलगी दुसऱ्या पंचांगाप्रमाणें निर्दोष ठरूं शकते. आणि जेथें तेंही जमत नाहीं, तेथें जन्मवेळ थोडी मागेंपुढें करून पत्रिका जुळविल्याचीं उदाहरणें कोणत्या कुटुंबास ठाऊक नाहींत ? ज्या दोषाचें निवारण घड्याळाचा कांटा सरकविल्यानें होतें, तो दोष आकाशांतील ग्रहाचा कसा म्हणावा ?

जुन्या ज्योतिष्यांचा उपहास करण्याचें येथें प्रयोजन नाहीं. त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं जें पाहिलें, तें अचूक नोंदलें. ग्रह भूमीचा पुत्र आहे हें त्यांनीं ठेवलेलें नांव तर, अर्थ निराळा असला तरी, आश्चर्यकारक रीतीनें खरें ठरलें. छत्रे, दीक्षित व केतकर यांनीं आकाशाशीं न जुळणारें कोष्टक, तें कितीही पूज्य असलें तरी, बदलण्याचें धैर्य दाखविलें. तीच कसोटी फळांच्या कोष्टकास लावणें एवढेंच आतां उरलें आहे, आणि त्यासाठीं दुर्बीण लागत नाहीं. मुलीच्या पत्रिकेंत मंगळ आहे असें कोणी सांगितल्यास, तिच्या जन्मदिवसाचे ते दहा तास मोजावे. त्या दहा तासांत आपल्याच शहरांत आणखी किती मुलें-मुली जन्मल्या असतील, याचा विचार करावा. ओळखीपाळखींतल्या, त्या सुमारास जन्मलेल्या माणसांचे संसार कसे चालले आहेत, तें पाहावें. मग मुलाचें शील, शिक्षण व आरोग्य यांची जी चौकशी करावयाची, ती निश्चिंतपणें करावी आणि मुलीला तिचें स्वतःचें मत विचारावें.